इसार शेवटी: जुनी छोटी एसयूव्ही घेताना कोणत्या क्रमाने काय तपासायचं

सोयाबीन विकलं, कापसाचे चुकारे हाती आले, की आमच्याकडे विदर्भात गाड्या पाहायला निघायचा हंगाम सुरू होतो. पद्धत ठरलेली. भावाच्या गाडीत पाच जण बसतात, वाटेत चहा होतो, जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत ऊन चढतं. दलालाने गाडी धुऊन, टायरला काळं पॉलिश लावून, इंजिन गरम करून ठेवलेलं असतं. कोणी दार दोनदा आपटून पाहतो, कोणी एसी लावतो, कोणी गाणं. "गाडीले काईच नाई भाऊ, डॉक्टरची गाडी व्हती," असं ऐकून अकरा हजार इसार देऊन मंडळी परत. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येतो. कागद तिसऱ्या आठवड्यात उघडतात.

हा क्रम नेमका उलटा आहे. फुकटात आणि घरी बसून होणारी तपासणी शेवटी ढकलली जाते आणि अडकवणारी गोष्ट, म्हणजे पैसा, सगळ्यात आधी जातो. एकदा इसार दिला की माणूस गाडीतले दोष शोधत नाही, आपण चुकलो नाही याचे पुरावे शोधतो. मीही हे केलंय. काही वर्षांपूर्वी एका दलालाकडून गाडी घेतली, पूर्ण पैसे दिले आणि नंतर कळलं की आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच आहे. तो उतरवायला सात महिने चकरा मारल्या. आरसीचा फोटो आधी नीट वाचला असता तर दोन मिनिटांत दिसलं असतं.

खालचे टप्पे चार मीटरच्या आतल्या कौटुंबिक एसयूव्हींसाठी आहेत: ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३००, इकोस्पोर्ट आणि त्यांच्या बरोबरीच्या. प्रत्येक टप्प्यावर "नको" म्हणून परत फिरता येतं, आणि जितकं लवकर फिराल तितका खर्च कमी.

## तयारी

आधी स्वतःचा वापर लिहून काढा. रोज किती किलोमीटर, कोणता रस्ता, किती माणसं. या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना ओढ पुढच्या दोनच चाकांची असते. उंची पाहून पावसाळ्यात वावरापर्यंत न्यायचा बेत असेल तर सोडून द्या. काळ्या मातीत या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात.

डिझेल की पेट्रोल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. ही काजळी जळून जायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग वेगात पळावी लागते. शाळा, बाजार, बँक असे चार-पाच किलोमीटरचेच फेरे असतील तर जाळी चोंदते आणि ती बदलण्याचा खर्च ऐकून घाम फुटतो. महिन्यातून दोन-तीनदा नागपूर किंवा अमरावती होत असेल तरच बीएस-६ डिझेलकडे वळा. नाहीतर पेट्रोल बरं.

बजेटमधून आधीच दहा-पंधरा टक्के बाजूला काढा. गाडी घरी आल्यावर टायर, बॅटरी, विमा आणि नावावर करण्याचा खर्च असतोच. सहा लाख असतील तर सव्वापाचची गाडी पाहा.

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, मऊ फडक्यात गुंडाळलेलं लहान चुंबक, एक जुनं वर्तमानपत्र, पांढरा कपडा, वही-पेन आणि ब्लूटूथवर चालणारा, गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष मोबाईलवर दाखवणारा छोटा ओबीडी स्कॅनर. स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो. चौघांनी मिळून एक घेतला तरी चालतो.

सोबत न्यायची माणसं: दोन. एक मिस्त्री, ज्याच्या हाताखालून तेच मॉडेल गेलंय, आणि एक घरचं माणूस ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही, पण जे "उद्या सांगतो" म्हणू शकतं. मिस्त्रीला अर्ध्या दिवसाची मजुरी आधीच देऊन टाका. दलालाने सुचवलेला मिस्त्री नको, आणि "गाडी घेतली तर कमिशन" या बोलीवर आलेला तर मुळीच नको.

## टप्पा १: घरबसल्या कागद

गाडी पाहायला निघण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा आणि चालू विमा पॉलिसीचा फोटो मागवा. "या, मग दाखवतो" असं उत्तर आलं तर पेट्रोल वाचलं समजा.

१. नाव कोणाचं? आरसीवरचा मालक आणि विकणारा एकच आहे का? आमच्याकडे नेहमी आढळणारी गोष्ट म्हणजे गाडी वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, विकतोय मुलगा. अशा वेळी गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर व्हायला हवी. ते झाल्याशिवाय मुलाच्या सहीला किंमत नाही.

२. बोजा. हायपोथिकेशनच्या रकान्यात बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. "कर्ज कधीचंच फिटलं" हे तोंडी चालत नाही. आरसीवरून नाव उतरलेलं दिसलं पाहिजे.

३. बनावटीचा महिना. आरसीवर नोंदणीची तारीख वेगळी आणि बनावटीचा महिना-वर्ष वेगळं असतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये बनलेली आणि मार्च २०१९ मध्ये नोंदलेली गाडी "२०१९ मॉडेल" म्हणून विकली जाते. भाव २०१८ चा लावा.

४. कितवा मालक, कोणतं इंधन, कोणता वापर. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. आधी टॅक्सी म्हणून पासिंग असलेली गाडी खाजगी करून विकतात, तेही इथेच कळतं.

५. दुसऱ्या राज्याची गाडी. छिंदवाडा, बैतूल, आदिलाबाद, राजनांदगाव आपल्याला शेजारच्या घरासारखी वाटतात, पण आरटीओच्या लेखी ती परराज्यं आहेत. फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी स्वस्त मिळते, कारण तिथल्या जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचा फास राहिलाय. कर धरून हिशोब केला की स्वस्ताई बरीच विरघळते.

६. पॉलिसीवरचा एनसीबी. हा आकडा कोणी पाहत नाही, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के होते. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी आणि एनसीबी शून्य, म्हणजे बहुधा एकतर गेल्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा नव्वद दिवसांहून जास्त बंद पडला होता. कोणतं ते विचारा. "क्लेम कशाचा होता?" हा प्रश्न फोनवर विचारला की समोरचा क्षणभर थांबतो. तो थांबणं लक्षात ठेवा.

७. चलान. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे घेऊन महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान साइटवर पाहा. समृद्धीवर आणि नागपुरात कॅमेऱ्यांनी टिपलेले दंड साचलेले असतात. मालकाला स्वतःलाही माहीत नसतं.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून फोटोतली माहिती जुळवून घ्या. फोटो बदलता येतो, आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीतली नोंद नाही.

> पुढे जाण्याआधी: विक्रेत्याचा आरटीओत नोंदवलेला मोबाईल नंबर चालू आहे का, हे विचारा. ट्रान्सफरच्या वेळी ओटीपी त्याच नंबरवर जातो. मूळ मालक पुण्याला आणि सिमकार्ड बंद, या एका कारणावरून महिनोन्‌महिने अडकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

## टप्पा २: सकाळी, थंड इंजिनवर

आदल्या रात्री फोन करून स्पष्ट सांगा: "सकाळी सातला येतो, गाडी चालू करू नका आणि धुऊ नका." पोहोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर इंजिन चालवून ठेवलंय. गरम इंजिन सगळे दोष झाकतं. तसं असेल तर तीन-चार तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. हे मी भिडेखातर दोनदा सोडलं आणि दोन्ही वेळा पस्तावलो.

१. इंजिनखाली वर्तमानपत्र पसरा आणि पुढची कामं होईपर्यंत राहू द्या. थेंब पडला तर कशाचा ते मिस्त्री रंगावरून सांगेल.

२. ऑईलची कांडी काढून पांढऱ्या कपड्यावर पुसा. डिझेल गाडीचं ऑईल काळं असणं साहजिक आहे, त्यावर भाव पाडू नका. ऑईल भरायच्या झाकणाखाली दुधी चिकट थर असेल तर मात्र पाणी ऑईलमध्ये शिरतंय का, याची शंका घ्या.

३. कूलंटच्या बाटलीत रंगीत पाणी हवं. साधं नळाचं किंवा गंजट पाणी दिसलं तर गाडी कुठेतरी तापली होती आणि मिळेल ते पाणी ओतलं गेलं. आपल्या उन्हात हे हमखास घडतं. रेडिएटर आणि एसीची जाळी टॉर्चने पाहा. कापसाचे तंतू आणि सोयाबीनचा भुसा त्यात बसतो आणि मे महिन्यात त्रास देतो.

४. एअर फिल्टरचा डबा उघडा. हे मुद्दाम वेगळं लिहितोय. गेल्या हिवाळ्यात एका शिक्षकाची गाडी पाहत होतो. बाहेरून आरशासारखी. डब्याच्या क्लिपा काढल्या तर तळाशी मूठभर सोयाबीन, चिंध्या आणि उंदराच्या लेंड्या. गाडी धान्याच्या कोठीशेजारी उभी राहायची. मग वायरिंग पाहिलं, तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या तीन तारांवर चिकटपट्टी गुंडाळलेली. गाडी तेव्हा उत्तम चालत होती. पण वायरिंगवर कुठेही काळी चिकटपट्टी दिसली तर मालकाला तिथेच बोट ठेवून विचारायचं, हे तेव्हापासून ठरवलं. वेकोलिच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातली, वणी-घुग्घुस-बल्लारपूर भागातली गाडी असेल तर याच डब्यात कोळशाची भुकटी दिसेल. फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर ती भुकटी टर्बोपर्यंत जाते.

५. आता चावी फिरवा, पण इंजिन चालू करण्याआधी डॅशबोर्डवरचे दिवे पाहा. इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझलेला असला पाहिजे. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, म्हणजे एअरबॅग एकदा फुटून गेलेली असण्याची शक्यता आहे.

६. इंजिन चालू करून एक माणूस मागे उभा ठेवा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट जळतंय. डिझेलला ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा झोत येत असेल तर इंजेक्टर किंवा टर्बो पाहावा लागेल. शेतकऱ्याची डिझेल गाडी असेल तर सहज गप्पांत विचारा, डिझेल पंपावरचं की ट्रॅक्टरच्या ड्रममधलं? ड्रमच्या तळाचं पाणी-कचरा आजच्या इंजेक्टरला चालत नाही.

७. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण सैल करून पाहा. जोरात भपकारा मारत धूर येत असेल तर आतली झीज मोठी आहे.

> इशारा: इकोस्पोर्टच्या, आणि या वर्गाहून मोठ्या डस्टरच्याही, १.५ डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर "बदलला असेल" असं धरू नका. धावता धावता तुटला तर इंजिनाचा निकाल लागतो. बेल्टचा पूर्ण खर्च भावातून वजा करा. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, त्यामुळे इकोस्पोर्टचं काम करणारा माणूस तुमच्या जिल्ह्यात आहे का, हेही आधीच पाहा.

## टप्पा ३: पत्रा, काच आणि पुराचं पाणी

हे काम कोरड्या गाडीवर, उन्हात करायचं. ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही.

गाडीच्या कोपऱ्यावर डोळा टेकवून लांबीच्या दिशेने पाहा. दारांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. चुंबक दारांवर आणि मागच्या पंख्यांवर, म्हणजे चाकांवरच्या पत्र्यावर, फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे चुंबक चिकटणार नाही, उगाच घाबरू नका.

एखाद्या दाराला लांबी-रंग झाला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. गावात बैलबंडीचं जू लागतं, गोठ्याचा खांब लागतो. खरा प्रश्न सांगाड्याचा आहे. बोनेट उघडून पुढच्या पंख्यांच्या नटांवर पान्याचे ओरखडे आहेत का, रेडिएटरला धरणारी पट्टी नवी किंवा वेगळ्या रंगाची आहे का, शॉकअपच्या वरच्या भागातलं वेल्डिंग एकसारखं आहे का, हे मिस्त्रीला दाखवा. डिक्कीतली चटई आणि स्टेपनी उचला. खालचा पत्रा सुरकुतलेला असेल तर मागून जोरात ठोकर बसली आहे. सगळ्या काचांवर बनावटीच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली ते विचारा.

आता पूर. आपल्याकडे हा भाग लोक विसरतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचं पाणी भंडारा-गडचिरोलीत शिरलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांमध्ये उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या स्वच्छ होऊन बाजारात येतात.

ओळखायचं कसं? पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, थेट शेवटपर्यंत. बेल्ट धुतात, पण गुंडाळीतला शेवटचा वीतभर तुकडा बहुधा राहतो. त्यावर मातकट रेघ किंवा बुरशीचे ठिपके दिसले की पाणी तिथवर चढलं होतं. मग सीटखालची पटरी आणि नट पाहा. सात वर्षांच्या गाडीत तिथे थोडा गंज ठीक, पण तीन वर्षांच्या गाडीत लालभडक गंज नको. पायाखालची चटई उचलून खालचा फोम दाबा, हेडलाइटच्या आत गाळाचा थर आहे का पाहा, आणि सगळ्या काचा लावून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास अत्तराच्या बाटलीखाली लपत नाही. उलट डॅशबोर्डवर दोन-दोन अत्तरं दिसली की मी जास्त वेळ बसतो.

> तपासा: चेसिस नंबर गाडीवर शोधून आरसीशी आकडा-न्-आकडा जुळवा. दोन्ही चाव्या आहेत का ते विचारा. एकच असेल तर दुसरीचा खर्च काही हजारांत जातो.

## टप्पा ४: गाडी खालून

गावात लिफ्ट नसते, पण तालुक्याला वॉशिंग सेंटरचा रॅम्प असतो. त्याला धुलाईचे पैसे द्या आणि गाडी चढवा. आधी न धुता पाहा. ऑईलची गळती धुळीवर काळ्या ओघळासारखी दिसते, पाणी मारलं की तो पुरावा गेला. पाहून झालं की मग धुवा आणि पुन्हा पाहा, कारण चिखलाखालचे तडे आणि गंज तेव्हाच दिसतात.

काळी माती चाकांवरच्या कमानीत, मागच्या ब्रेक ड्रममध्ये आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) खोबणीत जाऊन सुकते. दगड होते तिचा. पुढच्या पावसात ओल धरते आणि पत्रा खाते. ऑईलच्या चेंबरला खालून चेप आहे का पाहा. पांदण रस्त्यातला मधला उंचवटा तिथेच लागतो. ॲक्सलचे रबरी बूट फाटलेत का, शॉकअपवर तेलाचा ओलावा आहे का, लोअर आर्मचे बुश चिरलेत का, एवढं मिस्त्री पाच मिनिटांत सांगतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांवरचा टायर आपल्या उन्हात आणि समृद्धीच्या सिमेंटवर भरवशाचा नाही. चारी टायर एका कडेने झिजले असतील तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे किंवा सांगाडा वाकलेला आहे. स्टेपनीचेही आकडे वाचा.

## टप्पा ५: चालवून पाहणं

दलाल चौकापर्यंत नेऊन आणतो. ते पुरत नाही. किमान पंधरा-वीस किलोमीटर हवेत, तुमच्या हातात स्टेअरिंग आणि गाणं बंद. जमल्यास पाच माणसं बसवून. रिकामी गाडी कोणतीही छान चालते.

मोकळ्या मैदानात: स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. कट-कट आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय.

खराब रस्त्यावर, वीसच्या वेगाने, काचा लावून: बारीक टक-टक म्हणजे बहुतेक लिंक रॉड, स्वस्तातलं काम. जड खट्ट म्हणजे बुश, बॉल जॉइंट किंवा स्टेअरिंग रॅक. रॅक महाग आहे.

मोठ्या रस्त्यावर: चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वाढताहेत पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. ऐंशीवर मागे गाडी नाही पाहून घट्ट ब्रेक लावा. पेडल थरथरलं तर डिस्क वाकडी, गाडी एका बाजूला ओढली तर कारण शोधावं लागेल.

एसी: सकाळी लावून उपयोग नाही. सगळी तपासणी संपेपर्यंत दुपार होते, तेव्हा गाडी उन्हात उभी करून, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं एसी चालवा. उभ्या गाडीत गार हवा टिकली पाहिजे आणि तापमानाचा काटा वर जाता कामा नये. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. जानेवारीत घेतलेल्या गाडीचा एसी एप्रिलमध्ये उघडा पडतो, आणि दलाल तोवर फोन उचलत नाही.

ऑटोमॅटिक असेल तर चढावर आणि गर्दीत हळू चालवून झटके बसतात का तेवढं पाहा, आणि त्या गिअरबॉक्सचं काम जवळपास कुठे होतं ते विचारा.

## टप्पा ६: स्कॅनर आणि किलोमीटर

स्कॅनर गाडी चालवून झाल्यावर लावायचा, आधी नाही. बहुतेक ॲप एक आकडा दाखवतात: दोष पुसल्यापासून गाडी किती चालली. तो आकडा तुमच्या फेरीएवढाच, वीस-बावीस किलोमीटर निघाला, तर काल संध्याकाळी कोणीतरी दोष पुसलेत. कोणते, हे गाडी आठवडाभर चालवल्याशिवाय कळणार नाही. मी अशी गाडी सोडतो.

मीटर मागे घेणं सोपं झालंय, त्यामुळे आकड्यापेक्षा झीज वाचा. मीटर चाळीस हजार सांगतंय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकचकीत, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड दबलेली, तर जुळत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली ऑईल बदलल्याचं जुनं स्टिकर राहून जातं. त्यावर लिहिलेले किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त निघाल्याचं मी स्वतः पाहिलंय. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जा आणि नोंदी काढा. नोंदी तीन वर्षांपूर्वी थांबल्या असतील तर बाहेरच्या गॅरेजची बिलं मागा.

## टप्पा ७: भाव

आता वही उघडा आणि खर्च एकाखाली एक लिहा: चार टायर (सोळा इंचीचा एक टायर सात-आठ हजारांच्या घरात), बॅटरी, लोअर आर्म, क्लच, बेल्ट, विमा, ट्रान्सफर. बेरीज विक्रेत्यासमोर ठेवा. "शेवटचं किती सांगता?" असं विचारण्यापेक्षा कागदावरची बेरीज दाखवली की बोलणं मुद्द्यावर राहतं. जमलेल्यांतला एखादा मध्येच "अरे देऊन टाक, गाडी जाईल हातची" म्हणेल. त्याला चहा सांगायला पाठवा.

## टप्पा ८: इसार, पैसे, नाव

इसार इथे द्यायचा, त्याआधी नाही. पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, आणि "कागदात दोष निघाल्यास इसार परत" हे वाक्य हवं. उरलेली रक्कम बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि पैसे आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात जाऊ द्या. विक्रेता दलाल असेल तर आरटीओचं अधिकारपत्र पाहा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ते लागतं.

फॉर्म २९ विक्रेत्याचा, फॉर्म ३० तुमचा. दोन्ही तुमच्यासमोर पूर्ण भरून, तारखेसह सही करून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवलेला गठ्ठा दलालाच्या टेबलावर दिसतो, तो विक्रेत्यासाठीही धोक्याचा आहे. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली ताबापावती दोघांनी ठेवा. म्हणजे त्याच दुपारी आलेलं चलान कोणाचं यावर भांडण होत नाही.

खरेदीदाराने तीस दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागतो. जुना फास्टॅग त्याला बंद करायला सांगा आणि काचेवरून खरवडून काढा. जुन्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर तीही बसवून घ्या.

आरसीचं नवीन कार्ड टपालाने घरी येतं. आधारवरचा पत्ता आणि पिनकोड गावाचा बरोबर आहे का, ते अर्ज करतानाच पाहा. नाहीतर कार्ड परत जातं आणि तुम्ही पुन्हा आरटीओच्या खिडकीवर.